सिगारेटचा धूर शरीराच्या बियाण्यापर्यंत कसा पोचतो

पायाचं हाड मोडून दवाखान्यात गेलेल्या माणसाला सर्जन विचारतात, सिगारेट ओढता का? होय म्हटलं की लगेच सांगतात, आजपासून बंद. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. धूर जातो फुफ्फुसात, मोडलंय नडगीचं हाड, मग या दोघांचा संबंध काय? दाताचं इम्प्लांट बसवणारे डॉक्टर हेच विचारतात, मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या जोडप्यालाही हाच प्रश्न येतो. प्रत्येक ठिकाणचं कारण थोडं वेगळं आहे, पण एक धागा सगळीकडे सापडतो. शरीरात झिजलेलं, मोडलेलं, मेलेलं भरून काढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावर तंबाखूचा परिणाम होतो.

फुफ्फुसं काळवंडतात, रक्तवाहिन्या कडक होतात, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. ते झालं तयार अवयवांचं नुकसान. दुरुस्ती करणाऱ्या पेशींचं नुकसान हा वेगळा विषय आहे आणि तो समजला तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. सिगारेट सोडून पंधरा वर्षं झाल्यावरही कर्करोग का होऊ शकतो, आणि तरीही साठीत सोडण्याचा फायदा का होतो, ही दोन्ही उत्तरं तिथेच आहेत.

मूळपेशी करतात काय?

शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं आणि आयुष्यही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी साधारण ३ ते ५ दिवस टिकतात, लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस. त्वचेचा वरचा थर महिनाभरात बदलतो. नुसत्या लाल रक्तपेशींचा हिशेब मांडला तरी शरीराला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी लागतात. त्या सगळ्या येतात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींकडून. मूळपेशी विभागली की दोन गोष्टी करू शकते: स्वतःसारखी आणखी एक मूळपेशी मागे ठेवते, आणि पुढे जाऊन तयार पेशी होईल अशी पेशी कामाला पाठवते. टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून अशा पेशींचा पहिला ठोस पुरावा दिला. किरणोत्सर्गाने मज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा गर, नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी मज्जा टोचली. त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उगवल्या. पुढच्या प्रयोगांनी दाखवलं की अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते.

बातम्यांत स्टेम सेल म्हटलं की गर्भातल्या पेशींची चर्चा असते. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. प्रौढ माणसाच्या मज्जेत, श्वासनलिकेत, आतड्यात, त्वचेत, हाडाच्या आवरणात, हिरडीत जन्मभर राहणाऱ्या मूळपेशींबद्दल आहे. त्या संख्येने कमी असतात आणि एरवी बराच काळ शांत पडून राहतात. माणसाच्या सगळ्या रक्ताची निर्मिती करणाऱ्या मूळपेशी जेमतेम ५० हजार ते २ लाख असाव्यात, असा २०१८ सालचा अंदाज आहे.

शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणं वेगळं काढून ठेवतो. उभं पीक गारपिटीने झोपलं तर एक हंगाम गेला. बियाण्यालाच कीड लागली तर नुकसान पुढच्या प्रत्येक हंगामात उगवत राहतं. मूळपेशींचं तसंच आहे. श्वासनलिकेच्या पृष्ठभागावरची पेशी बिघडली तर काही आठवड्यांत ती गळून जाते आणि तिचा बिघाडही जातो. मूळपेशी बिघडली तर तो बिघाड तिच्या प्रत्येक वंशज पेशीत उतरतो.

धूर आणि निकोटीन यांची गल्लत नको

या विषयावरच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात. त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक आहेत: बेंझोपायरीन, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन, तंबाखूतली खास नायट्रोसामाइन्स, कॅडमियम, किरणोत्सर्गी पोलोनियमसुद्धा. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, जो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. निकोटीन या गर्दीतलं एक रसायन. एका सिगारेटमध्ये ते साधारण १० ते १२ मिलिग्रॅम असतं, पण ओढणाऱ्याच्या रक्तात त्यातलं १ ते दीड मिलिग्रॅमच पोचतं. धूर ओढल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत जातं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मं होतं.

मूळपेशींवरचे दोघांचे परिणाम वेगळ्या जातीचे आहेत. धुरातली रसायनं पेशीच्या डीएनएवर आघात करतात, आणि तो आघात एकदा कायम झाला की परत फिरत नाही. निकोटीन मुख्यतः पेशीला चुकीचा संदेश देतं: आता वाढ, आता थांब, आता मरू नकोस. निकोटीन गेलं की संदेशही बराचसा विरतो. डीएनएतला बदल सिगारेट सोडल्यावरही तिथेच राहतो. सिगारेट सोडायला मदत करणारे निकोटीनचे पॅच आणि गम, आणि व्हेप म्हणजे ई-सिगारेट, यांबद्दलचे प्रश्न सोडवताना हा एक फरक लक्षात ठेवला तरी पुरतं.

श्वासनलिकेत नेमकं काय घडतं?

मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरात सगळ्यात खाली, पायाला चिकटून, बेसल पेशी असतात. त्या तिथल्या मूळपेशी. त्यांच्यापासून दोन मुख्य प्रकारच्या पेशी तयार होतात: कफ बनवणाऱ्या, आणि तो कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी.

धुरातलं बेंझोपायरीन मुळात तितकंसं आक्रमक नसतं. शरीर ते बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळेल असं करायला जातं आणि त्या प्रयत्नात एक अतिशय चिकट रसायन तयार होतं. ते डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराला जाऊन बसतं. पेशीकडे असे आघात दुरुस्त करणारी यंत्रणा असते आणि ती बहुतेक वेळा काम चोख करते. पण दुरुस्ती व्हायच्या आत पेशी विभागली, तर डीएनएची नक्कल करताना चिकटलेलं अक्षर चुकीचं वाचलं जातं आणि चूक कायमची नोंदली जाते. हेच उत्परिवर्तन. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, आघात आणि विभाजन.

धूर दोन्ही पुरवतो. वरच्या पेशी त्याने मरतात, त्यांची जागा भरायला बेसल पेशींना एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा विभागावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या डीएनएवर आघात होत असतात. टीपी ५३ नावाचं एक जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मारतं. फुफ्फुसाच्या कर्करोगात त्या जनुकात ज्या ठिकाणी वारंवार बदल सापडतात, त्याच ठिकाणी बेंझोपायरीनचं हे रूप चिकटतं, असं १९९६ साली दाखवलं गेलं. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध तोवर मुख्यतः आकडेवारीतून सिद्ध झाला होता. इथे तो रेणूच्या पातळीवर दिसला.

हे बदल मोजताही येतात. वेगवेगळ्या कर्करोगांच्या डीएनएचा अभ्यास करून २०१६ साली काढलेला हिशेब असा: रोज २० सिगारेटचं एक पाकीट वर्षभर ओढलं, तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० जादा उत्परिवर्तनं होतात. स्वरयंत्रात ९७, घशात ३९, तोंडात २३, मूत्राशयात १८ आणि यकृतात ६. मूत्राशयाला धूर थेट लागत नाही. रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते.

बेसल पेशींचा स्वभावही बदलतो. केसाळ पेशी कमी बनतात, कफाच्या जास्त. काही ठिकाणी नाजूक अस्तराच्या जागी त्वचेसारख्या चपट्या पेशींचा जाड थर येतो, जो धूर सहन करतो पण कफ हलवू शकत नाही. ओढणाऱ्यांना सकाळी उठल्यावर खोकून कफ काढावा लागतो तो यामुळे. धूम्रपानाने दीर्घ श्वसनविकार झालेल्या माणसाच्या बेसल पेशी बाहेर काढून, धूर नसलेल्या स्वच्छ बशीत वाढवल्या तरी त्या बिघडलेलंच अस्तर तयार करतात. बिघाड पेशीत मुरलेला असतो तो असा.

वायुकोशांची गोष्ट याहून कठीण आहे. फुफ्फुसात सुमारे ४८ कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, असतात. त्यांच्या भिंतीत ‘टाइप २’ नावाच्या पेशी मूळपेशींचं काम करतात. सततच्या धुराने या पेशी म्हाताऱ्या होतात: जिवंत राहतात, विभागत नाहीत आणि आजूबाजूला दाह पसरवणारी द्रव्यं सोडतात. भिंती विरत जातात, लहान वायुकोश एकत्र होऊन मोठ्या निकामी पोकळ्या तयार होतात. याला एम्फिसिमा म्हणतात. प्रौढ माणसात गेलेले वायुकोश पुन्हा उगवत नाहीत.

रक्ताच्या कारखान्यात

अस्थिमज्जेपर्यंत धूर पोचत नाही, पण त्यातली बेंझीनसारखी द्रव्यं रक्तावाटे पोचतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग धूम्रपानाने होऊ शकतो हे मान्य झालेलं आहे. तो तसा विरळाच. त्याहून जास्त लोकांना लागू होणारी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते.

वय वाढतं तसं मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत असा बदल होतो की ती इतरांपेक्षा किंचित वेगाने आपला वंश वाढवते. काही वर्षांनी रक्तातल्या पेशींचा बराच मोठा वाटा त्या एकाच पेशीचा वंश असतो. सत्तरीपुढच्या किमान दहातल्या एका माणसात हे सापडतं. माणूस ठणठणीत असतो, साध्या रक्ततपासणीत काही दिसत नाही. पण अशा लोकांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि हृदयविकाराचाही, कारण या वंशातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाह वाढवतात. हा बदल अनेक जनुकांपैकी कशातही होऊ शकतो. त्यांतल्या एएसएक्सएल १ या जनुकातला बदल धूम्रपान करणाऱ्यांत आणि पूर्वी करत असलेल्यांत ठळकपणे जास्त दिसतो. धूर तो बदल स्वतः घडवतो असं नाही. धुराने शरीरात जो कायमचा सौम्य दाह राहतो, त्या वातावरणात अशी पेशी इतरांना मागे टाकते, या स्पष्टीकरणाकडे संशोधकांचा कल आहे.

रोज ओढणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी सरासरीने जास्त असतात आणि हिमोग्लोबिनही. ‘माझं हिमोग्लोबिन तर उत्तम आहे’ असं काही जण अभिमानाने सांगतात. कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिनचा काही भाग अडवून ठेवलेला असतो, म्हणून मज्जेला जास्तीचं बनवावं लागतं, हे त्यामागचं कारण.

मोडलेलं हाड उशिरा का जुळतं?

हाड मोडलं की पहिल्या काही तासांत तिथे रक्ताची गुठळी होते. मग हाडाच्या बाहेरच्या आवरणातून आणि मज्जेतून मूळपेशी तिथे जमायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो, पुढच्या काही आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो, आणि मूळ आकार यायला महिने लागतात.

यात अडथळे येतात ते असे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइडमुळे जे रक्त पोचतं त्यातही ऑक्सिजन कमी. हाड बनवणारी पेशी व्हायचं की कूर्चेची, हे मूळपेशी बऱ्याच अंशी तिथल्या रक्तपुरवठ्यावरून ठरवते. पुरवठा तोकडा असला की कूर्चेवरच काम रेंगाळतं. शिवाय धुराच्या अर्कात वाढवलेल्या मूळपेशी हळू विभागतात, हळू सरकतात आणि हाडाचा खनिज भाग कमी बनवतात. परिणाम: हाड न जुळण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट. दाताच्या इम्प्लांटचंही असंच. स्क्रू धातूचा असला तरी त्याला धरून ठेवणारं हाड मूळपेशींनाच बनवायचं असतं.

रक्तवाहिन्यांच्या अस्तराची डागडुजी करणाऱ्या काही पेशी मज्जेतून रक्तात येऊन फिरत असतात. दीर्घकाळ ओढणाऱ्यांत त्या कमी सापडतात. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांतच त्यांची संख्या वाढली आणि पुन्हा सुरू केल्यावर घसरली, असं २००४ सालच्या एका जपानी अभ्यासात दिसलं. कमी ओढणाऱ्यांत ही वाढ जास्त झाली. या पेशी स्वतः अस्तर बांधतात की बांधणीला लागणारे संदेश सोडतात, यावर अजून वाद आहे.

पुरुषांत शुक्रजंतू बनवणाऱ्या मूळपेशींपासून तयार शुक्रजंतूपर्यंतचा प्रवास सुमारे ७४ दिवसांचा असतो. मूल हवं असलेल्यांना किमान तीन महिने आधी सोडायला सांगतात, ते या हिशेबाने.

एकटं निकोटीन किती दोषी?

निकोटीन ज्या कुलपात बसतं त्या रेणूला रिसेप्टर म्हणतात. मेंदूत ते असतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा ‘अल्फा ७’ हा प्रकार श्वासनलिकेतल्या पेशींवर, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, हाडाच्या आणि हिरडीच्या मूळपेशींवरही असतो. निकोटीन तिथे बसलं की पेशीच्या आत वाढीचे आणि तग धरण्याचे मार्ग चालू होतात. श्वासनलिकेच्या पेशींत निकोटीनमुळे पेशीची स्वतःहून मरण्याची क्रिया मंदावते, हे २००३ साली दाखवलं गेलं. धुराने डीएनए बिघडलेल्या पेशीने खरं तर मरायला हवं. निकोटीन तिला जगवतं. २००१ साली उंदरांत असंही दिसलं की निकोटीन नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देतं आणि आधीच असलेली गाठ त्यामुळे जोमाने वाढते. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित भागात नव्या चेतापेशी बनणं निकोटीनमुळे घटतं, तेही मात्रेच्या प्रमाणात.

एवढं वाचून पॅच फाडून फेकू नका. अशा प्रयोगांच्या बातम्या वाचताना एक आकडा आधी शोधायचा, निकोटीनची मात्रा. ओढणाऱ्याच्या रक्तात ती दर मिलिलिटरला साधारण १० ते ५० नॅनोग्रॅम असते. प्रयोगशाळेत मात्रा मायक्रोमोलर किंवा मिलिमोलरमध्ये लिहितात. १ मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरला १६२ नॅनोग्रॅम, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा तिपटीहून जास्त. १ मिलिमोलर तर तीन हजार पटींच्या वर. त्या मात्रेत पेशी मेल्या तर त्यावरून माणसाच्या मज्जेबद्दल काही सांगता येत नाही. अशा निष्कर्षांवरून ठळक मथळे करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. अपवाद आहे तो तोंडाचा. तंबाखू गालात धरणाऱ्याच्या लाळेत निकोटीन रक्ताच्या हजारो पटींनी जास्त असू शकतं, त्यामुळे हिरडीच्या मूळपेशींवरचे जास्त मात्रेचे प्रयोग त्याच्याबाबतीत दूरचे नाहीत.

“मग पॅच आणि गमही नकोतच का?”

हवेत, गरज असेल तर. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७८ स्वयंसेवकांच्या त्वचेवर मुद्दाम छोट्या जखमा करून त्या भरताना पाहिल्या गेल्या. ओढत राहिलेल्यांच्या १२ टक्के जखमांत संसर्ग झाला, कधीच न ओढणाऱ्यांच्या २ टक्क्यांत. चार आठवडे सिगारेट बंद केलेल्यांत संसर्ग स्पष्टपणे घटला, आणि त्यांच्यात निकोटीनचा पॅच लावणारे व खोटा पॅच लावणारे यांच्यात फरक दिसला नाही. जखमेला नडला तो धूर.

नेहमीची पद्धत अशी: रोज १० हून जास्त सिगारेट ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. तो कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावायचा आणि रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढायचा. गमबाबत बहुतेक जण चुकतात. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ मात्र तशीच राहते. तिखटसर झिणझिणी आली की चघळणं थांबवून तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. झिणझिणी गेली की पुन्हा थोडा चघळायचा. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, कारण आम्लामुळे तोंडातून निकोटीन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ चा. गरोदरपणात निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं, त्यामुळे तेव्हा यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हाडाच्या किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी काही सर्जन कोटिनिनची तपासणी करतात. निकोटीन मोडून कोटिनिन बनतं, त्यामुळे पॅच लावणाऱ्याचीही तपासणी होकारार्थी येते. पॅच चालू असल्याचं आधीच सांगून ठेवावं. अॅनाबेसिन हा पदार्थ तंबाखूत असतो आणि पॅचमध्ये नसतो, त्याच्या तपासणीने खरं-खोटं करता येतं.

“व्हेपमध्ये तर धूर नसतो”

जळणं नसतं, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही आणि बेंझोपायरीनसारखी द्रव्यंही खूप कमी. डीएनएवरच्या आघाताच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण निकोटीन तेवढंच, काही उपकरणांत जास्त, आणि द्रव फार तापला की फॉर्माल्डिहाइडसारखे अल्डिहाइड तयार होतात. स्वीडनमधल्या एका लहान अभ्यासात ई-सिगारेटच्या केवळ १० झुरक्यांनंतर तासाभरात रक्तवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसल्या. ऐकायला चांगलं वाटतं, पण मज्जा या पेशी सोडते ती अस्तराला कुठेतरी इजा झाल्याचा संदेश आला की. सिगारेटवरून पूर्णपणे व्हेपवर गेलेल्याने काहीतरी कमावलं. कधीच न ओढणाऱ्याने व्हेप सुरू केलं तर त्याने फक्त गमावलं. दोन्ही चालू ठेवणाऱ्यांचा फायदा जवळजवळ शून्य.

“दिवसाला एक-दोनच ओढतो”

मूळपेशींतली उत्परिवर्तनं साधारणपणे मात्रेच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे त्या हिशेबात कमी म्हणजे खरंच कमी. हृदयाचा हिशेब तसा चालत नाही. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असं २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. वीसावरून एकावर आलेला माणूस समजतो की धोका पंच्याण्णव टक्क्यांनी गेला.

“आजोबा आयुष्यभर ओढायचे, त्यांना काही झालं नाही”

हे खोटं नसतं. आयुष्यभर ओढणाऱ्यांतही बहुसंख्यांना फुफ्फुसाचा कर्करोग होत नाही. २०२२ साली बेसल पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. रोजची पाकिटं गुणिले वर्षं, म्हणजे पाकीट-वर्षं, वाढतील तशी उत्परिवर्तनं वाढत गेली. पण सुमारे २३ पाकीट-वर्षांनंतर ती वाढायची थांबली. खूप ओढूनही तगलेल्या काही लोकांची डीएनए दुरुस्तीची किंवा विषारी द्रव्यं निकामी करण्याची यंत्रणा जात्याच सरस असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपली कशी आहे हे आधी सांगणारी तपासणी नाही. आणि आजोबांची दुरुस्ती नातवाला मिळालेलीच असते असंही नाही.

“इतकी वर्षं ओढल्यावर आता सोडून काय उपयोग?”

२०२० साली ब्रिटनमध्ये १६ लोकांच्या श्वासनलिकेतल्या एकेका पेशीपासून ६३२ वसाहती वाढवून प्रत्येकीचा पूर्ण डीएनए वाचला गेला. त्यांत मुलं होती, कधीच न ओढलेले होते, सोडलेले होते आणि ओढत असलेले होते. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजार ते दहा हजारांपर्यंत जादा उत्परिवर्तनं होती. त्यांच्यातच थोड्या पेशी अशाही सापडल्या, ज्यांच्यात कधीच न ओढलेल्या माणसाइतकेच बदल होते. सोडलेल्या लोकांत अशा जवळपास निर्दोष पेशींचं प्रमाण ओढणाऱ्यांच्या चौपट होतं, काहींत तर ४० टक्क्यांपर्यंत.

सोडल्यावर जुन्या पेशींतली उत्परिवर्तनं पुसली गेली, असं यात झालेलं नाही. या चांगल्या पेशींचे टेलोमेअर, म्हणजे प्रत्येक विभाजनागणिक आखूड होणारी गुणसूत्रांची टोकं, लांब होती. त्या फारशा विभागल्याच नव्हत्या, सगळी वर्षं शांत पडून होत्या. धूर थांबल्यावर त्या पुढे आल्या आणि अस्तराचा ताबा घेऊ लागल्या. सोडल्यानंतर दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण निम्मा होतो, त्यामागचं हे एक पटणारं कारण आहे. तो पूर्णपणे जात नाही, कारण उरलेल्या पेशींत जुने बदल तसेच असतात.

बाकीचं वेळापत्रक वेगवेगळं. कार्बन मोनॉक्साइड दोन दिवसांत निघून जातो. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस काही आठवड्यांत सावरतात, आणि कफ हलायला लागल्यामुळे सुरुवातीला खोकला वाढतो. तो घाबरण्यासारखा नसतो. मज्जेतला वेगाने वाढणारा वंश एकदा जम बसला की सहसा जात नाही. वायुकोश परत येत नाहीत, पण फुफ्फुसाची क्षमता घटण्याचा वेग ताळ्यावर येतो. सौम्य श्वसनविकार असलेल्यांच्या एका मोठ्या दीर्घ अभ्यासात सोडलेल्यांची क्षमता वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटली, ओढत राहिलेल्यांची ६० च्या पुढे.

“स्टेम सेल टोचून फुफ्फुस नवं करता येईल?”

अशा जाहिराती भरपूर दिसतात आणि त्या श्वास लागणाऱ्या, हवालदिल माणसांना गाठतात. पोटाच्या चरबीतून किंवा मज्जेतून पेशी काढून शिरेतून परत सोडायच्या, ही नेहमीची पद्धत. शिरेतून सोडलेल्या या पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात खऱ्या, पण त्या वायुकोश बनत नाहीत आणि बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात. धूम्रपानाने होणाऱ्या दीर्घ श्वसनविकाराच्या ६२ रुग्णांवर झालेली एक शिस्तशीर चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. उपचाराने अपाय झाला नाही, पण श्वासाची क्षमता खोटं औषध दिलेल्यांपेक्षा सुधारली नाही.

कोणी असा उपचार सुचवला तर विचारा: ही नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता? पेशी कुठून काढणार, किती सोडणार, त्या कोणी तपासल्या? उपचारानंतर सहा महिन्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून होणारी श्वासाची मोजणी, करून आकडा लेखी द्याल का? रक्ताच्या कर्करोगातलं मज्जा-प्रत्यारोपण, मोठ्या भाजण्यात प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा, डोळ्याच्या बुबुळाच्या काठावरच्या मूळपेशींचं रोपण हे उपचार सिद्ध झालेले आहेत. फुफ्फुस त्या यादीत नाही.